त्या दिवशी जेवला कुठं?

"भाषण राहू द्या. त्या दिवशी जेवलात कुठं?"

नाना मुलाखत घेत ती या प्रश्नानं सुरू व्हायची. समोरचा माणूस सदरा नीट करून, घसा खाकरून, "त्या काळी आम्हा विद्यार्थ्यांमध्ये एक ध्येयवाद होता" असं म्हणायच्या तयारीत असायचा. प्रश्न ऐकून तो गडबडायचा. काही जण हसायचे. एक निवृत्त मुख्याध्यापक मात्र चिडले. म्हणाले, "जेवण कसलं घेऊन बसलात? आम्ही लाठ्या खाल्ल्या."

"बरं. त्यावर काय खाल्लं?" नानांनी विचारलं.

मुख्याध्यापक छताकडं बघत म्हणाले, "सोमवार होता. माझा उपास. साबुदाण्याची खिचडी... घरीच. दुपारीच घरी आलो होतो मी."

नानांनी वहीत लिहिलं: खिचडी, घरी, दुपारी. लाठ्यांचा विषय पुन्हा निघाला नाही. त्या दिवशी कुणी लाठी उगारलीच नव्हती, हे आम्हाला पुढं इतरांकडून कळलं.

आंदोलन तसं मोठं नव्हतं. साक्रीच्या रस्त्यावरच्या गावांतून मुली धुळ्याला कॉलेजला यायच्या. प्रात्यक्षिकं संपायला संध्याकाळ व्हायची आणि परतीची शेवटची बस त्याआधीच निघून जायची. त्यामुळं घरचे लोक एकेका मुलीचं कॉलेज बंद करत होते. संध्याकाळची एक बस द्या, एवढीच मागणी होती. अर्ज झाले, निवेदनं झाली आणि मग एका दुपारी मुलामुलींनी आगाराच्या दारात उभी असलेली बस अडवली. पुढच्याच आठवड्यात संध्याकाळची बस सुरू झाली. पुष्कळ वर्षांनी मी त्याच बसनं जाऊन-येऊन बी.एस्सी. झाले. माझा या प्रकरणाशी संबंध इतकाच.

मी जळगावला एका बियाण्यांच्या कंपनीत स्टोअर सांभाळते. कुठलं पोतं कुठल्या रॅकवर, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. जुन्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर या आंदोलनाची पत्रकं, फलक, आठवणी जमा करायचं ठरलं तेव्हा कुणीतरी माझं नाव सुचवलं आणि बाकीच्यांनी ताबडतोब अंगठे पाठवले. ज्याला काम करायचं नसतं तो अंगठा पाठवतो. मी रकाने आखले: वस्तू, कुणाकडून, कधी, स्थिती. ते घेऊन एका रविवारी धुळ्याला नानांकडं गेले, कारण हे काम नाना आधीपासूनच एकट्यानं करत होते असं कळलं होतं.

नानांनी माझे रकाने वाचले. चष्मा वर केला. "जेवणाचा रकाना नाही?"

"जेवणाचा कशाला?"

"यादीवाल्या बाई," ते म्हणाले, आणि त्या दिवसापासून माझं नाव तेच पडलं, "माणूस भाषण वाढवून सांगतो. दगड वाढवून सांगतो. पोलीस तर वाढवतोच वाढवतो. जेवण कुणी वाढवून सांगत नाही. वाढवून सांगावं असं ते कुणाला वाटतच नाही."

नाना शाळेत रसायनशास्त्र शिकवत. निवृत्तीनंतरही त्यांची राहणी प्रयोगशाळेतलीच होती. घरातल्या मिठाच्या बरणीवरसुद्धा चिठ्ठी आणि चिठ्ठीवर बरणी भरल्याची तारीख. मुलाखतीला जाताना खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत वही, फोन आणि स्टीलचं एक छोटं पातेलं. पातेलं पालथं घालून त्यावर फोन ठेवला की आवाज स्वच्छ येतो, असं त्यांचं म्हणणं. येत नसे. प्रत्येक वाक्याला एक घुमारा लागे आणि सगळे जण विहिरीतून बोलल्यासारखे वाटत. मी हे दोनदा सांगितलं. मग सांगायचं सोडलं.

मुलाखत संपेपर्यंत नाना समोरच्याच्या घरचा चहा घेत नसत. "आधी चहा घेतला की मी मिंधा होतो. मग तो सांगेल त्याला मान डोलवावी लागते." मुलाखत संपली की मात्र दोन कप घेत आणि दुसरा मागून घेत.

आणि हा माणूस स्वतः आंदोलनात नव्हता. हे ते पहिल्याच भेटीत सांगून टाकत. बस अडवली त्या दिवशी ते भुसावळला मामांच्या रेल्वे क्वार्टरमध्ये मुदतीच्या तापानं पडले होते. "जेवण म्हणाल तर भाताची पेज. मीठसुद्धा नव्हतं तिच्यात." मित्रांनी केलेलं आयुष्यातलं एकमेव धाडस त्यांचं असं हुकलं. पण त्याबद्दल त्यांना हळहळताना मी कधी पाहिलं नाही. उलट ते मिरवतच. "अख्ख्या धुळ्यात तिथं नसलेला मी एकटाच आहे," असं म्हणायचे. "बाकी सगळे तिथं होते. म्हणून तर विचारत फिरावं लागतं."

जमलेला माल ते घरी गव्हाच्या पत्र्याच्या कोठ्यांत ठेवत. पत्रकं, कापडी फलक, मोर्च्याची निवेदनं, एक चेपलेला भोंगा. मध्ये मध्ये कडुलिंबाचा पाला. गव्हाला कीड लागत नाही तर कागदाला कशी लागेल, हा त्यामागचा विचार. पाला दर पावसाळ्याआधी बदलायचा. तेवढा त्यांचा विचार बरोबर होता. कागदांना कसर लागलेली नव्हती. पण त्यापायी घरातला गहू बाहेर पोत्यांत पडला होता.

"बठ्ठा गहू पोत्यामा आनि कागदं कोठीमा!" नानांच्या पत्नी, आमच्या काकू, येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायच्या. "उंदीर गहू खाई राहिनात. कागद दळीसन भाकर व्हई का, तुम्हीच सांगा."

नाना म्हणायचे, "एवढं वर्ष जाऊ दे."

"एवढं वर्ष, एवढं वर्ष करता करता तुमना केस ग्यात."

जेवणाच्या रकान्याला मी हसले होते. पण वीस-पंचवीस मुलाखती झाल्यावर तोच रकाना वाचायला बसावंसं वाटू लागलं. पांझरेकाठच्या एका गल्लीतून त्या दिवशी भाकऱ्या आल्या होत्या, हे सात जणांनी वेगवेगळं सांगितलं. कुणी गल्लीचं नाव सांगितलं, कुणी ठेचा किती तिखट होता ते. भुसावळच्या रेल्वे कॉलनीतून शिकायला आलेल्या एक बाई म्हणाल्या, "हॉस्टेलच्या मेसमधून आम्ही पोळ्या ओढणीत गुंडाळून नेल्या होत्या, बाहेरगावच्या मुलींसाठी." म्हणजे हॉस्टेलच्या मुलीही तिथं होत्या. त्यांना बसची काहीच गरज नव्हती. हे कुठल्याही भाषणात आलं नव्हतं. कारण भाषणं सगळी मुलांची होती.

"गर्दी मोजू नका, पंगत मोजा," नाना म्हणाले.

आता फोटोबद्दल. त्या दिवसाचा एकच फोटो उरला होता. आगाराच्या दारात बस, तिच्याभोवती हातात हात घालून अर्धगोल केलेल्या मुली आणि बसच्या पुढच्या चाकासमोर जमिनीवर पडलेला एक माणूस. तोंडावर पंचा. एका पायात काळा बूट, दुसरा पाय अनवाणी. हा माणूस म्हणजे आंदोलनाचा आत्मा, असं सगळेच मानत. आणि तो आपणच, असंही पुष्कळ जण मानत. नानांकडं असे डझनभर दावेदार होते. अनवाणी पायाचं कारण प्रत्येकाकडं वेगळं. एकाचा बूट पळापळीत गेला होता, एकानं तो काढून ड्रायव्हरवर फेकला होता, एकानं गरीब मित्राला दिला होता.

"एकच बूट दिला?" नानांनी त्याला विचारलं होतं.

दावेदारांतले सर्वांत मोठे म्हणजे भाऊसाहेब. कॉलेजात नानांच्या एक वर्ष मागं होते, आंदोलनाचे म्होरके होते, नंतर जळगावला राहून राजकारणात मोठे झाले. धुळ्यातल्या एका वाचनालयानं आमच्या संग्रहाला खोली देऊ केली तेव्हा काचेच्या कपाटांचा खर्च भाऊसाहेबांनी उचलला. अट एकच होती, तीही त्यांच्या माणसानं फोनवर अगदी सहज सांगितली. फोटो मोठा करून लावायचा आणि खाली साहेबांचं नाव घालायचं.

माझं मत स्पष्ट होतं. नाव घालावं. नानांचं वय झालेलं, कोठ्या काकूंना परत हव्यात, आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मुलगी माहेरी येईल तोपर्यंत घरातली अडगळ निघाली नाही तर सगळं रद्दीत घालीन, असं काकूंनी सांगितलेलं. त्या बोलत त्याप्रमाणे करत. एका ओळीच्या बदल्यात सगळा माल कपाटात जात असेल तर सौदा वाईट नव्हता. खोटं असलं तर असलं. फोटोतला माणूस काही तक्रार करायला येणार नव्हता.

पण तो आला. खरं तर आम्हीच त्याच्याकडं गेलो.

चेपलेला भोंगा मूळचा भडगावच्या एका धान्याच्या व्यापाऱ्याचा, असं कळलं म्हणून आम्ही शेठजींना भेटायला गेलो होतो. भोंगा कुणी नेला, कसा नेला, हे सांगून झालं. नानांनी सवयीनं विचारलं, "बस अडवली त्या दिवशी तुम्ही कुठं जेवलात?"

"धुळ्यालाच," शेठजी म्हणाले. "मुनीमजींच्या मुलाचं लग्न होतं. दाल-बाटी. आग्रह फार झाला हो. बाटी संपली की दुसरी, वर तूप. उठवेना. कसाबसा स्टँडवर आलो. भडगावची बस दारात उभी, ड्रायव्हरचा पत्ता नाही. बसच्या पुढं छान सावली होती. म्हटलं, जरा आडवं व्हावं."

नानांनी वही खाली ठेवली.

"जाग आली तर सगळीकडं घोषणा. पंचा जरा वर करून बघितलं, चहूकडं मुलीच मुली. आता उठून जायचं कसं? उठलो असतो तर लोक म्हणाले असते, शेठ आंदोलनात. बाजारात तोंड दाखवायला नको. मग तसाच पडून राहिलो, मेल्यासारखा."

"आणि बूट?" मी विचारलं.

"लग्नासाठी नवा घेतला होता. डावा चावत होता. काढून उशाला घेतला."

मी पिशवीतून फोटो काढला. पंच्याखालून, डोक्याजवळ, काळं काहीतरी डोकावत होतं. त्याला आम्ही दगड समजत आलो होतो. शेठजींनी फोटो बराच वेळ बघितला आणि मुलाला हाक मारली, "अरे, ये इकडं! बघ, तुझा बाप झोपलाय."

परतीच्या प्रवासात नाना इतके हसले की बसमधल्या बायका वळून बघायला लागल्या. हसून झाल्यावर म्हणाले, "उद्या जळगाव."

भाऊसाहेबांच्या कार्यालयात पांढऱ्या कपड्यांतली पाच-सहा माणसं कायम उभी असतात. भाऊसाहेबांनी उठून नानांना नमस्कार केला, खुर्ची दिली. नानांनी पिशवीतून पातेलं काढून टेबलावर पालथं घातलं. उभी असलेली माणसं एकमेकांकडं बघायला लागली.

"भाऊ, त्या दिवशी जेवला कुठं?"

"नाना, उपाशीच होतो सगळे. उपोषणच होतं ते."

"उपोषण नव्हतं. रास्ता रोको होता. सगळ्यांनी खाल्लं. ठेच्यानं तोंड भाजलेले सात जण आहेत माझ्याकडं. तू त्या पंगतीत कुणालाच दिसला नाहीस. जेवला कुठं?"

"मी बसपुढं झोपलो होतो ना."

"तिथं भडगावचे शेठ झोपले होते. दाल-बाटी खाऊन."

खोलीत कुणीतरी फिसकन हसलं. भाऊसाहेबांनी नुसतं वर बघितलं आणि सगळी माणसं बाहेर गेली. मीही उठायला लागले तर नाना म्हणाले, "बसा. रकाना तुमचा आहे."

भाऊसाहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला, न पिता ठेवला.

"फोन बंद करा."

नानांनी बंद केला.

"आगाराच्या साहेबांच्या केबिनमध्ये होतो," ते म्हणाले. "बोलणी करायला एकट्याला आत घेतलं. मी तावातावानं सुरू केलं. त्यांनी डबा उघडला. म्हणाले, आधी जेव. उपाशी माणसाशी मी बोलत नाही, तो ऐकत नाही. मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, नाना. मी जेवलो."

"काय होतं?"

"कळण्याची भाकरी. लसणाची चटणी, वर तेल. कांदा. अर्धी त्यांनी खाल्ली, दीड मी. खाता खाता ते विचारत गेले, कुठल्या गावच्या मुली, किती, रस्ता कसा. मी सांगत गेलो. डबा संपला तेव्हा बस ठरली होती. बाहेर आलो, मिळाली म्हणून ओरडलो. पोरांनी खांद्यावर घेतलं. कुणीतरी म्हणालं, बिचारा सकाळपासून उपाशी आहे. मी काही बोललो नाही. तेव्हापासून उपाशीच आहे मी. प्रत्येक सभेत."

नाना म्हणाले, "मग बस तिथं सुरू झाली, भाऊ. भाकरीवर. चाकापुढं नाही. फोन चालू करू?"

"नको. विरोधक काय म्हणतील ठाऊक आहे. बाहेर पोरं उन्हात, आणि हा साहेबाच्या डब्यात." त्यांचा आवाज पुन्हा सभेतला झाला. "असं करा. फोटोखाली कुणाचंच नाव नको. कपाटं येतील. हे तेवढं राहू द्या."

मला हे उत्तम वाटलं. मी मान हलवलीसुद्धा. नानांनी पातेलं पिशवीत घातलं.

"मग कपाटं नकोत," ते म्हणाले. "अर्धवट भरलेल्या बाटलीवर मी चिठ्ठी लावत नाही."

नानांना धुळ्याला पोचवायला निघाले आणि वाटेत त्यांच्याशी भांडले. पारोळ्यापर्यंत एकटी बोलत होते. म्हटलं, नाना, तुमच्या एका भाकरीपायी सगळ्यांच्या आठवणी उंदीर खातील. नाना खिडकीतून बघत म्हणाले, "कोठीत उंदीर जात नाहीत. ते गव्हात आहेत."

आखाजी जवळ आली. काकूंनी एक कोठी रिकामी केली आणि तिच्यातले फलक, पत्रकं बाजेवर रचून ठेवली. दुसरी कोठी उद्या, असं सांगितलं. मी सुट्टी काढून खोकी घेऊन धुळ्याला गेले. काही माझ्या घरी, काही कंपनीच्या गोदामात, अशी वाटणी मनात करून ठेवली होती. आम्ही खोक्यांना दोरी बांधत होतो तेव्हा दारात गाडी थांबली. भाऊसाहेब एकटेच उतरले. बरोबर माणसं नाहीत, हार नाही, काही नाही.

काकू ओट्यावर आल्या. "जेवनात का, भाऊ?"

"नई काकू. जेवालेच उनू."

काकूंनी पुढचं काही विचारलं नाही. पाट मांडला. वांग्याचं भरीत होतं, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी होती. ती मुद्दाम केलेली नव्हती, त्या घरात ती रोजच होते. भाऊसाहेबांनी पहिला घास मोडला, हातात धरला आणि नानांना म्हणाले, "ठेवा तुमचं पातेलं."

नानांनी ठेवलं. ते सगळं सांगणं आमच्या संग्रहात आहे. मध्ये मध्ये भाकरी चावल्याचा आवाज येतो आणि एकदा काकूंचा, "आनखी ल्या ना." घुमारा अर्थातच आहे.

कपाटं आली. काकूंच्या कोठ्या परत मिळाल्या; त्या वर्षीच्या पोळ्यांना कडुलिंबाचा वास येत होता असं त्या म्हणत. खोलीत मधोमध फोटो लागला. खालची ओळ नानांच्या अक्षरात: "मुलींनी अडवलेली बस. पुढे झोपलेले गृहस्थ भडगावचे धान्याचे व्यापारी. लग्नात जेवून आले होते. आंदोलनाशी संबंध नाही." शेठजी नातवंडांना घेऊन आले आणि फोटोशेजारी उभं राहून त्यांनी फोटो काढून घेतला. भाऊसाहेबांच्या विरोधकांनी भाकरीवरून दोन सभा गाजवल्या. तिसऱ्या सभेत भाऊसाहेबांनीच ती गोष्ट सांगितली, चटणीसकट. लोक हसले आणि विषय संपला. बाकीचे दावेदार बरेच दिवस वाचनालयाकडं फिरकले नाहीत.

त्यानंतरच्या हिवाळ्यात नाना गेले. शोकसभा त्याच वाचनालयात झाली. पुष्कळ लोक बोलले. शेवटच्या दिवशी आपण नानांच्या उशाशी होतो, असं किती तरी जणांनी सांगितलं. काकू पुढच्या रांगेत बसून ऐकत होत्या. एकदा माझ्याकडं वळून हळूच म्हणाल्या, "एवढा लोक घरमा मावतीन तरी का?"

मला बोलायला सांगितलं, मी नाही म्हटलं. पण नोंद पूर्ण असावी म्हणून इथं लिहून ठेवते. मी तिथं नव्हते. नाना गेल्याचा फोन आला तेव्हा जळगावला स्टोअरमध्ये डबा उघडून बसले होते. मेथीची भाजी आणि दोन पोळ्या. फोन ठेवला आणि जेवले. दोन्ही पोळ्या.